व्हिस्कीची पारख : बाटलीवरील लेख व आंतील साक्ष

ह्या त्रैमासिकाच्या पानांवर मद्याची चर्चा पाहून कांहीं वाचक दचकतील. आम्हांस येथें मद्यपानाची भलावण करावयाची नाहीं, आणि निषेधाचा अधिकारही आमच्याकडे नाहीं. परंतु स्कॉटलंडांत निपजणारी व्हिस्की ही आज जशी प्यावयाची वस्तु आहे, तशीच ती संग्रहाचीही वस्तु झाली आहे. तिच्या जुन्या बाटल्या लिलावांत मोठ्या किंमतीस जातात. आणि जुन्या कागदांच्या संग्राहकांस ज्या फसवणुकीस तोंड द्यावें लागतें, तीच फसवणूक, जवळ जवळ त्याच युक्त्यांनीं, तेथेंही चालते. मोडी कागद हातीं आला म्हणजे आपण प्रथम कागदाची जात, शाई, अक्षराचें वळण, मायना आणि शक, संवत्सर, तिथि व वार यांचा मेळ पाहतों. मजकुरावर विश्वास मागाहून ठेवतों. व्हिस्कीची निवड करणाऱ्या रसिकासही हीच शिस्त लागते. लेख काय सिद्ध करतो व आख्यायिका त्यावर काय चढविते, हा भेद ज्यास कळला, त्यासच चांगली बाटली निवडतां येते, असें आमचें मत आहे. तें साधार मांडण्याचा हा प्रयत्न.

१. पहिली नोंद व तिचा पल्ला

स्कॉटलंडच्या राजखजिन्याचे जुने हिशेब लॅटिन भाषेंत, गुंडाळ्यांच्या रूपानें जतन झाले आहेत. त्यांतील १४९४ सालच्या हिशेबांत, चवथ्या जेम्स राजाच्या आज्ञेवरून फ्रायर जॉन कॉर यास ‘अ‍ॅक्वा व्हिटी’ करण्याकरितां आठ बोल माल्ट दिल्याची नोंद आहे. बोल हें तेथील जुनें धान्यमाप. माल्ट म्हणजे भिजवून मोड आणलेले व मग वाळविलेले जव. अ‍ॅक्वा व्हिटी म्हणजे जीवनजल. ह्याच अर्थाचें नांव गेलिक भाषेंत ‘उश्के बाहा’ असें आहे, व त्याच्या पूर्वार्धाचा अपभ्रंश होऊन ‘व्हिस्की’ हा शब्द सिद्ध झाला.

ही नोंद अस्सल व समकालीन आहे. ती लिहिणाऱ्या हिशेबनिसास कोणाची कीर्ति वाढवावयाची नव्हती; त्यास फक्त खर्चाचा मेळ घालावयाचा होता. म्हणून तिचें प्रामाण्य थोर. परंतु तिचा पल्ला किती, हें नीट पाहिलें पाहिजे. माल्टापासून अर्क काढण्याची विद्या तेथें त्या वेळीं होती, एवढें तीवरून निर्विवाद ठरतें. आठ बोल माल्ट ही लहानसहान मात्रा नव्हे. तेव्हां ही विद्या त्याच वर्षीं जन्मली नसून आधींपासून रुळलेली असावी, हें अनुमानही रास्त आहे. परंतु हा फ्रायर कोणत्या मठांत राहत होता, हें नोंदींत नाहीं. फाइफ प्रांतांतील लिंडोर्स मठाशीं त्याचें नांव जोडलें जातें, व त्या मठाच्या अवशेषांशेजारीं २०१७ सालीं नवी भट्टीही सुरू झाली. पण मठाचें नांव नोंदींत वाचूं जाल तर सांपडणार नाहीं. तसेंच हा अर्क पिंपांत मुरविल्याचाही त्यांत उल्लेख नाहीं. १५०५ सालीं एडिंबरो शहरांतील शस्त्रवैद्य व न्हावी यांच्या संघास अ‍ॅक्वा व्हिटी करण्याचा हक्क मिळाला, ह्यावरून त्या काळीं हें द्रव्य औषधांत मोडत होतें असें दिसतें. आजच्या बाटल्यांवर १४९४ चा आंकडा मिरविणारांनीं हा फरक ध्यानांत ठेवावा. त्या सालचा अर्क आणि आजची व्हिस्की यांत नातें आहे, ऐक्य नाहीं.

२. पत्र व बखर

मुरविलेल्या व्हिस्कीची गोडी केव्हां ओळखली गेली, ह्या प्रश्नास उत्तर देतांना साधनांचा दर्जा पाहण्याचा एक उत्तम प्रसंग येतो. १८२२ सालीं चवथा जॉर्ज राजा एडिंबरो शहरीं आला. त्यानें ग्लेनलिव्हेटचीच व्हिस्की मागितली, आणि ती कोठें मिळेना, तेव्हां हायलंडांतील एका सरदाराच्या मुलीनें बापाच्या तळघरांतील, लांकडांत पुष्कळ काळ मुरलेली व्हिस्की पाठविली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ही हकीकत सांगणारी ती मुलगीच, एलिझाबेथ ग्रँट. परंतु तिनें आपल्या आठवणी लिहिल्या त्या १८४५ ते १८५४ या काळांत, आणि त्या छापल्या गेल्या १८९८ सालीं. म्हणजे हें प्रसंगाच्या वेळचें पत्र नसून तेवीस ते बत्तीस वर्षांनंतरची बखर आहे. म्हणून तें टाकाऊ आहे असें नाहीं. सांगणारी प्रत्यक्षदर्शी आहे. मात्र तारीख, प्रमाण व शब्द यांबाबत तिचें म्हणणें जपून घ्यावें. लांकडांत मुरल्यानें दारू मृदु होते, हें जाणत्या घराण्यांस एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत ठाऊक होतें, एवढें तीवरून मानण्यास हरकत नाहीं.

ह्याच हकीकतींत दुसरी गंमत आहे. राजानें मागितलेली ग्लेनलिव्हेटची व्हिस्की त्या वेळीं चोरटी होती. १६४४ सालीं स्कॉटिश पार्लमेंटनें दारूवर प्रथम अबकारी बसविली. तेव्हांपासून कर वाढत गेला आणि डोंगरांतील चोरट्या भट्ट्याही वाढत गेल्या. कवि रॉबर्ट बर्न्स हा १७८९ पासून अबकारी खात्यांत नोकर होता, ही गोष्ट त्याच्या वाचकांस नेहमीं गमतीची वाटते. शेवटीं १८२३ च्या कायद्यानें कर व परवाना दोन्ही सोसण्याजोगे झाले, आणि १८२४ सालीं जॉर्ज स्मिथ यानें ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यांत परवान्याची भट्टी घातली. चोरट्या मालाचा लौकिक मात्र एवढा मोठा होता, कीं आजूबाजूच्या अनेक भट्ट्या आपल्या नांवापुढें ‘ग्लेनलिव्हेट’ हें उपपद लावूं लागल्या. १८८४ च्या सुमारास न्यायालयांत निकाल लागून मूळ नांव एकट्या स्मिथच्या भट्टीकडे राहिलें. इतरांस स्वतःच्या नांवापुढें जोडरेघ देऊन तें लावण्याची मुभा मिळाली. म्हणून जुन्या लेबलावर ग्लेनलिव्हेट शब्द दिसला, तर त्यावरून गांव ठरवूं नये. पैठणी येवल्यांत विणली जाते, हें जाणणाऱ्या वाचकांस याचें नवल वाटणार नाहीं.

३. ‘व्हिस्की’ म्हणजे काय?

एकोणिसाव्या शतकांत व्हिस्कीचा अर्थच दुभंगला. १८३० सालीं ईनिअस कॉफी यानें अखंड चालणाऱ्या उंच भट्टीचें पेटंट घेतलें. तांब्याच्या जुन्या भट्टींत माल्टाचा घाणा एकामागून एक काढावा लागे. नव्या भट्टींत इतर धान्यांचाही अर्क अव्याहत, स्वस्त व हलका निघूं लागला. अँड्र्यू अशर यानें १८५३ पासून निरनिराळ्या पिंपांतील ग्लेनलिव्हेट व्हिस्की मिसळून विकली. आणि १८६० च्या कायद्यानें माल्ट व धान्य या दोन्ही अर्कांचें मिश्रण सरकारी वखारींत करण्यास मोकळीक मिळाली. जगभर पसरली ती ही मिश्र, म्हणजे ‘ब्लेंडेड’ व्हिस्की. मग प्रश्न उपस्थित झाला, कीं उंच भट्टींतला अर्क व्हिस्की म्हणावा कीं नाहीं? १९०५ सालीं लंडनमधील इस्लिंग्टन येथें दुकानदारांवर खटले झाले, आणि १९०८-०९ च्या शाही कमिशननें दोन्हीं अर्कांस व्हिस्की म्हणण्यास मान्यता दिली.

वयाची अटही अशीच राजकारणांतून आली. पहिल्या महायुद्धांत दारूबाजीस आळा घालण्याकरितां १९१५ सालीं कायदा होऊन, दोन वर्षें वखारींत न ठेवलेली व्हिस्की विकण्यास बंदी झाली. पुढल्याच वर्षीं ही मुदत तीन वर्षांची झाली. आज जी अट ‘प्राचीन परंपरा’ म्हणून सांगितली जाते, तिचा जन्म युद्धकालीन निर्बंधांत आहे. तरीही तिनें व्हिस्कीचें कल्याणच केलें, हें मान्य केलें पाहिजे.

४. लेबल कसें वाचावें

सध्यां चालू असलेले नियम २००९ सालचे आहेत. त्यांप्रमाणें स्कॉच व्हिस्की स्कॉटलंडांतच काढली व ७०० लिटरपेक्षां मोठ्या नसलेल्या ओक लांकडाच्या पिंपांत निदान तीन वर्षें मुरविली पाहिजे. तिचें मद्यप्रमाण शेंकडा ४० हून कमी नसावें. तिच्या जाती पांच : सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन व ब्लेंडेड स्कॉच. ‘सिंगल’ याचा अर्थ एका भट्टीची. एका पिंपाची नव्हे. ही चूक चांगल्या जाणत्यांच्याही बोलण्यांत आम्हीं ऐकली आहे. लेबलावरील वय हें मिश्रणांतील सर्वांत कोवळ्या अर्काचें असतें. म्हणून ‘१२ वर्षें’ ह्याचा अर्थ बारापेक्षां कमी नाहीं एवढाच. उलटपक्षीं वय न छापलेली बाटली कोवळीच असेल असेंही नाहीं. मात्र तिच्याबद्दल आपणांस कमी पुरावा मिळाला आहे.

आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं तीस वर्षांपूर्वीं मिळालेली बारा वर्षांची बाटली आम्हांस दाखविली, आणि आतां ही बेचाळीस वर्षांची झाली, असें अभिमानानें सांगितलें. त्यांचा विरस करणें आमच्या जिवावर आलें. पण सांगावें लागलें. व्हिस्की पिंपांत वाढते. कांचेंत तिचें वय थांबतें. त्यांच्या हातीं होती ती तीस वर्षांपूर्वीं भरलेली बारा वर्षांची व्हिस्की. ही गोष्ट कमी मोलाची नाहीं, कारण त्या काळची चव तींत गोठून राहिली आहे. परंतु तिचें वर्णन खरें असलें पाहिजे.

बाटलीचा काळ ठरविण्यास लेबलावरच पुष्कळ खुणा असतात. ब्रिटनमध्यें १९८० पर्यंत मद्यप्रमाण ‘प्रूफ’ अंशांत छापीत. त्या मोजणीचे ७० अंश म्हणजे आजचें शेंकडा ४०. बाटलीचें माप तेथें १९९० च्या सुमारास ७५ सेंटिलिटरवरून ७० वर आलें. परंतु अमेरिकेंत व आपल्या देशांत ७५ चें माप चालू राहिलें, म्हणून केवळ ह्या खुणेवरून बाटली जुनी ठरवूं नये. हातानें उघडतां येणारें टोपीचें बूच टीचर्स कंपनीनें १९१३ सालीं काढलें. असें मूळचें बूच असलेली बाटली कोणी १८९० ची म्हणून दाखवील, तर शके १६०० च्या पत्रांत कंपनी सरकारचा उल्लेख यावा तसाच तो प्रकार होय. बाटली पुनः वापरण्यास अमेरिकन संघकायद्याची मनाई असल्याचा मजकूर कांचेंत उमटविलेला असेल, तर ती १९३५ ते १९६४ या काळांत त्या देशाकरितां भरलेली समजावी.

रंगास मात्र साक्षीदार मानूं नये. नियमांप्रमाणें साध्या जळक्या साखरेचा रंग मिसळण्यास परवानगी आहे. तेव्हां गडद रंग हा जुनेपणाचा पुरावा नव्हे. हा साक्षीदार विकत मिळतो.

५. बनावट बाटल्या

आतां खऱ्या दुखण्याकडे वळूं. २०१७ सालीं स्वित्झर्लंडांतील सेंट मॉरिट्झ येथील एका हॉटेलांत १८७८ सालची मॅकॅलन म्हणून ठेवलेली बाटली एका परदेशी पाहुण्यासाठीं उघडली गेली. एका पेल्यास सुमारें दहा हजार स्विस फ्रँक पडले. बुचाविषयीं व लेबलाविषयीं शंका निघाल्यावर हॉटेलवाल्यांनींच नमुना स्कॉटलंडांत तपासणीस धाडला. तपासणींत ठरलें, कीं हा अर्क बहुधा १९७० ते १९७२ च्या दरम्यानचा आहे. आणि तो सिंगल माल्ट नसून सुमारें शेंकडा ६० माल्ट व ४० धान्याचा अर्क यांचें मिश्रण आहे. हॉटेलच्या मालकांनीं स्वतः जाऊन पाहुण्यास पैसे परत दिले, ही गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. पुढें २०१८ सालीं दुर्मिळ म्हणविणाऱ्या ५५ बाटल्या प्रयोगशाळेंत तपासल्या. त्यांतील २१ बनावट, किंवा सांगितलेल्या सालच्या नसलेल्या, निघाल्या.

तपासणीची रीत समजण्यासारखी आहे. झाडेंझुडपें हवेंतून कार्बन घेतात, व त्यांत किरणोत्सारी कार्बनाचा अल्प अंश असतो. १९५० नंतरच्या दशकांत झालेल्या अणुस्फोटांमुळें हवेंतील हा अंश १९६३ च्या सुमारास जवळ जवळ दुप्पट झाला, आणि मग हळूहळू उतरत गेला. जवाचें पीक एका हंगामाचें. म्हणून ज्या वर्षीं तें उगवलें त्या वर्षाची हवा अर्कांत कायमची नोंदली जाते. एकोणिसाव्या शतकांतल्या म्हणविणाऱ्या व्हिस्कींत अणुस्फोटांचा कार्बन सांपडला, कीं वाद संपला. परंतु ह्या साक्षीसही मर्यादा आहे. १९५० पूर्वींच्या अर्काचें नेमकें साल ती सहसा सांगूं शकत नाहीं, आणि स्फोटांनंतरचा एकच आंकडा चढत्या व उतरत्या अशा दोन काळांशीं जुळूं शकतो. खोटें खोडून काढण्यास ती समर्थ आहे. खरें सिद्ध करण्यास तिला लेबल, बूच, कांच व मालकीचा इतिहास यांची जोड लागतेच.

बनावट बाटलीनें पैसे बुडतात तें एक वेळ भरून येईल. परंतु तींतील चव ‘१८७८ ची चव’ म्हणून कोणी नमूद करून ठेविली, म्हणजे इतिहासांत खोटा पुरावा शिरतो. बनावट सनदेनें एका वतनाचा निकाल फिरतो; तिच्यावर विसंबून लिहिलेल्या इतिहासानें पिढ्यांची समजूत फिरते.

६. जिभेची साक्ष

येथवर कागदाची व कांचेची साक्ष झाली. शेवटला साक्षीदार जीभ, किंवा खरें म्हणजे नाक. आल्फ्रेड बर्नार्ड यानें १८८५ ते १८८७ या काळांत स्कॉटलंड, आयर्लंड व इंग्लंड येथील दीडशेंहून अधिक भट्ट्या पाहून प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यांत कोठारांचीं व भट्ट्यांचीं मापें बारकाईनें दिलीं आहेत. चवीविषयीं मात्र तो क्वचितच बोलतो. १९३० सालीं ईनिअस मॅकडोनल्ड ह्या टोपणनांवाखालीं जॉर्ज माल्कम टॉमसन यानें छोटें पुस्तक लिहून व्हिस्की रसिकतेनें व चिकित्सेनें प्यावी असा आग्रह धरला. आधुनिक रसिकांची परंपरा आमच्या मतें ह्या छोट्या पुस्तकापासून मोजावी.

निवडीचा आमचा अनुभव असा, कीं नवख्यानें किंमतीच्या किंवा वयाच्या मागें न लागतां तीन भिन्न नमुने शेजारीं ठेवावेत : अमेरिकन बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरलेला एक, शेरीच्या पिंपांतला एक, आणि पीट जाळून वाळविलेल्या माल्टाचा एक. पीट म्हणजे दलदलींत कुजून साचलेलें वनस्पतीचें इंधन. त्याच्या धुरानें आइला बेटाच्या अनेक व्हिस्कींस औषधी, समुद्रकांठचा वास येतो. धुराचें प्रमाण म्हणून जो आंकडा सांगतात, तो बहुधा माल्टाचा असतो. भट्टींतून उतरेपर्यंत तो पुष्कळ घटतो. तोंडाशीं निमुळता पेला घ्यावा, घाई न करतां वास घ्यावा, आणि मग पाण्याचे थोडे थेंब घालून पुनः घ्यावा. पाणी घालणें हा रसभंग नव्हे. २०१७ सालीं स्वीडनमधील दोन संशोधकांनीं संगणकीय गणितानें दाखविलें, कीं पाणी मिसळल्यावर धुराचा वास देणारा ग्वायकोल हा घटक पेल्यांतील द्रवाच्या पृष्ठभागाकडे येतो. म्हाताऱ्या रसिकांची संवय शास्त्रानें उचलून धरली.

वयाचा आंकडा हवामानाबरोबर बदलतो, हेंही ध्यानांत असावें. स्कॉटलंडांतील पिंपांतून दरवर्षीं सुमारें शेंकडा दोन भाग उडून जातो. त्यास तेथें ‘देवदूतांचा वांटा’ म्हणतात. आपल्या उष्ण हवेंत हे देवदूत फार हांवरे आहेत. बंगलोरच्या अमृत भट्टीची सिंगल माल्ट २००४ सालीं ग्लासगो शहरांत विकावयास निघाली, आणि गोव्यांतली पॉल जॉन २०१२ सालीं बाहेर आली. ह्या दोन्ही ठिकाणीं नाश कितीतरी पट अधिक, व लांकडाशीं होणारी क्रियाही तितकीच जलद. गोव्यांतलीं पांच वर्षें व स्पेसाइडमधलीं पांच वर्षें एका मापानें मोजणें म्हणजे शक व सन यांचे आंकडे न जुळवितां तारीख लावणें होय.

७. उघडावी कीं राखावी?

आमच्या छंदांत व ह्या छंदांत एक मोठा भेद आहे. पोथी वाचली तरी पोथी राहते. बाटली वाचावयाची तर ती संपते. न उघडलेली बाटली ही न वाचलेल्या दप्तरासारखी मुकी, आणि उघडलेली बाटली जळलेल्या दप्तरासारखी गत. ह्या पेंचांतून एक समंजस वाट दिसली ती अंटार्क्टिकाच्या बर्फांत. शॅकल्टनच्या १९०७-०९ च्या मोहिमेनें केप रॉइड्स येथील झोंपडीखालीं ठेविलेल्या मॅकिन्लेच्या व्हिस्कीच्या पेट्या २००६ सालीं आढळल्या व २०१० सालीं बाहेर काढल्या गेल्या. त्यांतील तीन बाटल्या २०११ सालीं स्कॉटलंडांत व्हाइट अँड मॅके कंपनीकडे गेल्या. ती कंपनी त्या वेळीं भारतीय मालकीची होती, व बाटल्यांचा प्रवासही त्या मालकाच्याच विमानांतून झाला. तेथें बूच न काढतां सुईनें थोडा नमुना घेतला, आणि बाटल्या परत धाडल्या. मद्यप्रमाण शेंकडा ४७.३ भरलें, आणि त्या काळची व्हिस्की जड व धुरकट असणार अशी जी सार्वत्रिक समजूत होती, तिच्या उलट ही हलकी व नाजूक निघाली. एका सुईभर अस्सल पुराव्यानें शंभर वर्षांची समजूत दुरुस्त केली.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंति एवढीच. जिचा मालकीचा धागा अखंड आहे, अशी जुनी बाटली राखा, तिची नोंद ठेवा, आणि जमल्यास तिचा नमुना जाणत्यांकडून तपासून घ्या. जिला असा इतिहास नाहीं, तिच्या सालास मान डोलवूं नका. आणि जी आज साध्या दुकानांत मिळते, तीवर खरें लेबल आहे व पिणाऱ्यास परवाना आहे, ती उघडा, मित्रांबरोबर बेतानें चाखा, आणि जें वाटलें तें तारीख घालून लिहून ठेवा. १८२२ च्या व्हिस्कीविषयीं आज आपणांस एका बखरीवर विसंबावें लागतें, कारण त्या दिवशीं पेला हातीं असलेल्या कोणाचेंही त्याच वेळचें टिपण आपल्यापर्यंत आलेलें नाहीं. पुढल्या संशोधकांस आपल्या पिढीविषयीं तरी अशी अडचण पडूं नये.